भावाच्या नावाचं कार्ड

माझ्या ऱ्हस्व-दीर्घाला कोणी हसू नये. मी चौथीपर्यंत शिकले, त्यातही चौथीचं अर्धं वर्ष कापूस वेचण्यात गेलं. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि ओळ कितीही सरळ धरली तरी शेवटाला खाली घसरते. मुलीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यांत लिहिते आहे. कोणाला दाखवायचं नाही. तोंडानं मला काही सांगता येत नाही, हे लहानपणापासूनचं आहे. दुकानात गेले तर शेजारची बाई काय मागते ते बघते आणि "मलेही तेच द्या" म्हणते. नको असलेला साबण घेऊन कितीदा घरी आले असेन.

आम्ही अकोल्यात राहतो. आमचे हे तेव्हा एका मालकाचा ट्रक चालवायचे. कापसाच्या गाठी भरून सुरतेकडे जायचं, तिकडून मिळेल तो माल घेऊन परत यायचं. पैसे खेपेवर मिळायचे. जितक्या लवकर खेप, तितक्या लवकर दुसरी. त्यामुळे झोप कमी.

मला त्यांच्या झोपेची भीती वाटायची. घरी आले की जेवता जेवता मान खाली जायची, हातातला घास तसाच राहायचा. एकदा त्यांनी मला हसत हसत सांगितलं होतं, "चाकाखाली गिट्टी वाजली म्हनून जाग आली, नाई तं सरळ नाल्यात होतो." ते हसले. मी उठून आत गेले आणि पिठाच्या डब्याला धरून उभी राहिले. तेव्हापासून फोनची घंटी वाजत राहिली आणि त्यांनी उचलला नाही, की माझ्या पोटात तीच गिट्टी वाजायची.

तीन वर्षांमागे गाठी देणाऱ्या कंपनीनं सांगितलं की ज्या गाडीत मशीन नाही, ती गाडी गेटच्या आत येणार नाही. मशीन म्हणजे स्टेअरिंगजवळ बसवायचा एक काळा डबा. ड्रायव्हरनं आपल्या नावाचं, फोटोचं कार्ड त्यात घालायचं, मग गाडी चालवायची. गाडी कधी निघाली, कुठे थांबली, किती वेळ थांबली, सगळं मालकाला आणि कंपनीला मोबाईलवर दिसणार. एका माणसाचे दिवसाचे आठ तास भरले की मशीन ओरडायला लागणार. तरी गाडी चालवली तर कंपनी ते लिहून ठेवणार, आणि असं तीनदा झालं की गाडी बंद.

ड्रायव्हर लोक भडकले. ट्रक स्टँडवर सगळ्यांनी गाड्या ओळीनं उभ्या केल्या आणि कडुलिंबाखाली ताडपत्री टाकून बसले. मी यांना भाकर द्यायला जायची. पदर ओढून बाजूला उभी राहायची, पण ऐकायला सगळं यायचं.

एक म्हातारे ड्रायव्हर होते, ते म्हणाले, "कुठं थांबला, काहून थांबला, किती वेळ थांबला! माया बायकोनं तीस वर्षांत इतकं विचारलं नाई. आता हे दुसरी बायको बसवून देऊन राहिले कॅबिनमंधी."

"दुसरी तं दुसरी, सैपाक तं करून देईल का?" कोणीतरी बोललं आणि सगळे हसले.

आमचे हे हसले नाहीत. म्हणाले, "आठ तास जिथं संपतात तिथं धाबा असते का? तिथं असते जंगल. थांबलो तं चोर ताडपत्री फाडून माल नेतात. मंग भरून कोन देते, मशीन? कंपनीले माल टायमावर पाहिजे, अन मशीनले आमची झोप पाहिजे. दोन्ही पाहिजे तं गाडीवर मानसं दोन द्या ना!"

त्यांचं बरोबर होतं. तरी मी खरं लिहिते. मला ते मशीन आवडलं होतं. मला वाटलं, माझ्या फोननं जे होत नाही ते हे मशीन करेल, ओरडून ओरडून यांना झोपायला लावेल. लिंबाखाली सगळे त्याला शिव्या देत होते आणि मी मनात म्हणत होते, देवा, बसू दे एकदाचं. हे मी यांना आजपर्यंत सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी कंपनीनं बाहेरच्या गाड्या बोलावल्या. मालक लोक घाबरले आणि ड्रायव्हरांचं बसणं मोडलं. मशीन बसलं. पण सुरतेची खेप आठ तासांत होत नाही. मालकानं यांना बोलावून सांगितलं, "दुसऱ्या ड्रायव्हरचा पगार मला परवडत नाही. माणूस नको, नुसतं दुसरं कार्ड आणा. आठ तास तुमचं कार्ड, मग ते घाला. मशीनला काय कळते? नाही जमलं तर सांगा, चावी दुसऱ्याला देतो."

स्टँडवरच्या सगळ्यांनी तेच केलं. कोणी चुलतभावाचं लायसन आणलं, कोणी बापाचं. अर्ध्या गाड्यांवर न दिसणारा एक एक ड्रायव्हर बसला.

माझ्या धाकट्या भावाकडे मोठ्या गाडीचं लायसन आहे. तो अमरावतीत शाळेची बस चालवतो. हे मला म्हणाले, "तुया भावाले विचारून पाह्य. मी मागतलं तं बरं नाई दिसत. जवाई मानूस."

मी काय करायला हवं होतं? म्हणायला हवं होतं, नाही. म्हणायला हवं होतं, मशीन ओरडलं तर ओरडू द्या, तुम्ही झोपा. पण चावी गेली तर काय खायचं, ही भीती त्या गिट्टीच्या भीतीहून मोठी झाली. गिट्टीचं मी ऐकलेलं होतं. दाणा नसलेलं रिकामं घर मी पाहिलेलं होतं.

दिवाळी जवळ होती. भाऊबीजेला मी एसटीनं अमरावतीला गेले. भावाला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, ओवाळलं. त्यानं खिशात हात घातला. मी खाली बघून म्हणाले, "पैसे नको."

"मंग काय पाहिजे? साडी? सांग ना वं ताई, लाजते काय भावाले?"

"तुया लायसनची झेरॉक्स पाहिजे. अन एक फोटो."

तो आधी हसला. मग मी सगळं सांगितलं तेव्हा त्यानं खिशातला हात रिकामाच बाहेर काढला. ताटातला दिवा जळत होता आणि मी ताट तसंच धरून उभी होते. मला आता कळतं, त्या ताटासमोर तो नाही म्हणूच शकत नव्हता. कोणता भाऊ ओवाळणीला नाही म्हणतो? दुसऱ्या कोणत्याही दिवशी मागितलं असतं तर त्यानं विचार तरी केला असता.

भावजय दारात उभी होती. ती बोलायला तिखट आहे. म्हणाली, "लोकायच्या नंदा साडी मागतात, पैठनी मागतात. आमच्या ताईनं लायसन मागतलं! पुढच्या साली काय, रेशनकार्ड?"

"तू चूप बस," भाऊ म्हणाला. "ताई पयल्यांदा काई मागून राहिली."

पुढच्या रविवारी तो अकोल्याला आला आणि मालकाच्या ऑफिसात त्याच्या फोटोचं कार्ड तयार झालं.

मग दोन-अडीच महिने आमच्या घरात त्या कार्डाची चेष्टाच झाली. हे फोनवर सांगायचे, "आता मी झोपलो बरं. साळेबुवा चालवून राहिले." मागे गाडीचा आवाज यायचा. ते झोपलेले नसायचे. भाऊही फोन करून विचारायचा, "ताई, आज मी कुठवर गेलो?"

"धुळ्यापर्यंत," मी सांगायची.

"वा! बिना डिझेलचं फिरून राहिलो."

तो हसायचा, मी हसायची, आणि फोन ठेवला की मला कसंतरी व्हायचं. मशीन आता ओरडत नव्हतं. त्याला गप्प करायला मीच माझ्या हातानं कार्ड आणून दिलं होतं.

संक्रांत होऊन गेली होती. दुपारी तीनचा सुमार असेल. मी तूर निवडत बसले होते. भावाचा फोन आला. त्याचा आवाज बारीक झाला होता.

"ताई, भाऊजी कुठं हायेत?"

"येऊन राहिले सुरतेवरून. काहून?"

"मले पोलिसांचा फोन आला. म्हनतात, खामगाव रोडवर तुया ट्रकनं एका बुढ्याले उडवलं अन तू गाडी टाकून पयाला. ताई, मी तं इकडं पोरायले घरोघरी उतरवून राहिलो."

मागे लहान मुलांचा गलका ऐकू येत होता. कोणीतरी "काका, माझी बाटली" म्हणत होतं.

मी एवढंच विचारलं, "अन हे?"

"त्याईचंच तं मी तुले विचारून राहिलो."

मी यांना फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. सूप मांडीवर तसंच होतं. तुरीत खडा आहे की काय हे मी बघत राहिले, आणि बघताना काही दिसत नव्हतं. माणूस मेला असेल का? हे मेले असतील का? लोकांनी धरून मारलं असेल का? रस्त्यावरचे लोक ड्रायव्हरला कसे मारतात ते मी स्टँडवर ऐकलेलं होतं. दोन तास मी त्याच जागी बसले होते.

संध्याकाळी हे दारात आले. चप्पल नव्हती. पँट गुडघ्यापर्यंत काट्याकुसळांनी भरली होती. कापसाच्या पऱ्हाट्यांच्या शेतांमधून पळत गेले होते आणि पुढच्या फाट्यावर एसटी धरली होती. मी पाणी दिलं. मग खाली बसून त्यांच्या पँटची कुसळं काढू लागले, कारण दुसरं काय करायचं ते मला सुचत नव्हतं.

"डोया लागला," ते म्हणाले. "पहाटे चारपासून चालवून राहिलो होतो. घर जवळ आलं होतं वं. दीड तासाचं राहिलं होतं."

"बुढा?"

"जिवंत होता. वरडत होता. पायावरून..." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "मोपेडवर होता. मी उतरलो, तं शेतातले लोक धावत आले. मंग मी पयालो. मी त्याले उचलालेबी नाई थांबलो."

सकाळी मालक घरी आले. आमच्या घरी ते पहिल्यांदाच येत होते. म्हाताऱ्याला अकोल्याच्या दवाखान्यात आणलं होतं, जिवाला धोका नव्हता, पण मांडीचं हाड तुटलं होतं, सळई टाकावी लागणार होती. मालकांनी चहा घेतला आणि अगदी हळू आवाजात, समजावून सांगितल्यासारखं बोलले.

"गाडी कोण चालवत होता हे कोणी जवळून पाहिलं नाही. मशीनमध्ये तुमच्या साळ्याचं कार्ड आहे. त्याचं लायसन खरं, कार्ड खरं. तेच राहू द्या. म्हणजे विमा मिळेल, म्हाताऱ्याचा दवाखाना निघेल. वकील मी देतो. तारखा चालतील, सुटेल. पण कार्ड खोटं होतं असं बोललात, तर विमा गेला, कंपनीनं गाडी काढली, आणि दवाखान्याचा खर्च तुमच्या अंगावर. तुमची नोकरी तर गेलीच. विचार करा."

ते गेल्यावर भावजयीचा फोन आला. या वेळी ती तिखट बोलली नाही, त्यानंच मी जास्त घाबरले.

"ताई, शाळेवाले दरसाली पोलिसांचा दाखला मागतात. केस असली तं बस देत नाईत. हे तुमाले सांगनार नाईत, म्हनून मी सांगून राहिली. आमची पोरगी त्याच शाळेत अर्ध्या फीवर हाय."

इतकंच बोलून तिनं फोन ठेवला.

पोलिसांनी भावाला दुसऱ्या दिवशी ठाण्यात बोलावलं होतं. हे त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मी विचारलं, "उद्या तुमी जाता ना?" त्यांनी चादर डोक्यावर ओढली. मला त्यांचा राग आला नाही. ते भ्यालेले होते आणि भ्यालेल्या माणसाला मी ओळखते. सकाळी मी फक्त म्हणाले, "मी चालली. माया भाऊ तिथं एकटा हाय." तेव्हा ते उठले, शर्ट घातला आणि माझ्या मागे मागे आले.

पोलीस ठाण्यात मी त्याआधी कधी गेले नव्हते. भाऊ आधीच आला होता. त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता, शाळेच्या गॅदरिंगला घालतो तो. माझ्याकडे बघून तो थोडंसं हसला. हवालदारांनी कागद पुढे ओढला.

"गाडी तूच चालवत होतास?"

भाऊ म्हणाला, "हो साहेब. मीच होतो."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. तो खाली बघत होता. माझ्यासाठी बोलला होता. मी मागितलं होतं ते त्यानं पूर्णच देऊन टाकायचं ठरवलं होतं. मी यांच्याकडे पाहिलं. यांची नजर हवालदारांच्या पेनवर होती. हवालदार लिहायला लागले. एक ओळ लिहून झाली.

मी उभी राहिले. उभं राहून बोलायचं असतं की बसून, तेही मला माहीत नव्हतं.

"तो नव्हता," मी म्हणाले.

"काय?"

"तो तेव्हा अमरावतीत होता. शाळेच्या पोरायसंगं. गाडी हे चालवत होते. कार्ड मी मागून आनलं होतं भावाकडून. भाऊबीजेले." 

माझा आवाज मलाच दुसऱ्या बाईचा वाटला. खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते.

हवालदारांनी पेन खाली ठेवला. "आता कसं करायचं? तुम्ही घरचे लोक आधी ठरवून येत जा ना बाई. हा म्हणतो मी, तुम्ही म्हणता हा नाही. ओवाळणीत लायसन! वीस वर्षं झाली नोकरीला, हे नवीनच ऐकलं."

मागे कोणीतरी हसलं. तेव्हा हे पुढे आले. म्हणाले, "साहेब, मी होतो. झोप लागली होती. लिहा."

हवालदारांनी लिहिलेला कागद फाडला आणि नवीन घेतला.

यांना त्या दिवशी आत ठेवलं, दुसऱ्या दिवशी जामीन झाला. लायसन जमा झालं. कार्ड दिलं म्हणून भावालाही जबाब लिहून द्यावा लागला. शाळेनं त्याला महिनाभर घरी बसवलं. मोठ्या बाईंनी बोलावून खूप ऐकवलं, मग पुन्हा बस दिली. केस त्याच्या नावावर झाली नाही. मालकांनी सांगितलं होतं तसंच बाकी सगळं घडलं. विमा मिळाला नाही, गाडी गेली, आणि दवाखान्याचे लोक बिलासाठी यांच्याकडे बघू लागले. म्हाताऱ्याच्या मुलानं सांगितलं, खर्च भरून द्या, मग आमची दुसरी काही मागणी नाही. खर्च एक लाखाच्या वर गेला होता.

आमच्याजवळ काय होतं? काहीच नव्हतं. आणि मला परत कोणाकडे काही मागायची हिंमत नव्हती. मागणं म्हणजे काय असतं ते मी पाहिलं होतं.

भावजय आपणहून आली. अमरावतीहून एकटी, उन्हाची. तिनं पिशवीतून पैसे काढले. प्लॉटसाठी साठवलेले होते, मला माहीत होतं. 

"वहिनी, नको."

"भेट नाई देऊन राहिली. उधार हाय. सगळे वापस पाहिजेत मले. तिथं तुमी उभ्या नसत्या राहिल्या, तं ह्या पैशायचा प्लॉट घेऊन तरी काय करत होतो आमी?" मग पाणी प्याली आणि म्हणाली, "अन एक सांगते. पुढच्या भाऊबीजेले काय मागनार ते मले आधी फोनवर सांगजा."

मी रडायला लागले तर म्हणाली, "रडू नका, एसटी चुकते माई."

ते पैसे फेडायला दोन वर्षं आणि वर काही महिने लागले. मी डाळ मिलमध्ये निवडायला जाऊ लागले. लायसन परत मिळेपर्यंत यांनी हमाली केली, मग शेंदूरजनाघाटच्या एका संत्रा व्यापाऱ्याच्या छोट्या गाडीवर लागले. तिकडून संत्रा भरायचा, अमरावतीच्या मंडीत टाकायचा. दिवसाचं काम आहे, सुट्टीला घरी येतात. त्या गाडीतही आता मशीन आहे. बाकीचे ड्रायव्हर त्याच्यावर कापड टाकतात, वायर सैल करतात, मालकानं विचारलं तर "उंदरानं कातरली" म्हणतात. मशीनचं त्यांना अजूनही पटत नाही, आणि खेपेचे पैसे आहेत तोवर पटणारही नाही, हे मला समजतं. हे काहीच करत नाहीत. झोप आली की रस्त्याच्या कडेला गाडी लावतात आणि मला फोन करतात, "झोपतो अर्धा घंटा." तो अर्धा तास मी फोनजवळून हलत नाही. ते उठले असा फोन आला की मग कामाला लागते.

दर महिन्याला मी भावजयीला पैसे पोचवायची. एकही महिना असा नव्हता की एसटीत बसताना मला वाटलं नाही, आज तरी ती म्हणेल, तुमच्यामुळे. तिनं कधी म्हटलं नाही. टोमणे मारायची, पण ते भाजीवरून, माझ्या साडीवरून. 

मागच्या सोमवारी शेवटचे सहा हजार घेऊन गेले. भाऊ बसवर गेलेला होता. भावजयीनं हात पुसले, नोटा घेतल्या, मोजल्या.

"पूरे झाले, ताई."

"मागचे सगळे धरून?"

"सगळे धरून."

"एखादा महिना चुकला नसेल ना? पाह्य ना पुन्हा. चैतात मी दोन दिवस उशिरा आली होती."

"उशिरा आल्या होत्या, कमी नोयते आनले." ती हसली. मग माझ्या तोंडाकडे बघून तिचं हसू थांबलं. ती खाली बसली, मला जवळ बसवलं आणि पहिल्या महिन्यापासून एकेक महिना बोटावर धरून मोजून दाखवला. मी तिच्या बोटांकडे बघत होते. शेवटचं बोट मिटलं तेव्हा बेरीज बरोबर आली होती. काही राहिलं नव्हतं.